काचेवरचा न हलणारा ठिपका: उडताना दुसरे विमान वेळेत कसे दिसावे?

सत्तर तास (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

मी विदर्भातील एका धावपट्टीवर व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी प्रशिक्षण घेत आहे आणि माझ्या लॉगबुकात आजवर सत्तर तासांची नोंद झाली आहे. जानेवारीतील एका सकाळच्या प्रसंगाने माझी झोप उडवली असल्यामुळे येथील जाणत्यांना विचारावेसे वाटले.

आम्ही सेस्ना १७२ मधून नॅव्हिगेशनच्या सॉर्टीवर (नकाशावरून मार्ग शोधण्याच्या सरावाच्या उड्डाणावर) होतो. उंची ३,५०० फूट, दिशा सरळ पूर्व, वेग ९५ नॉट आणि वेळ सकाळी नऊची. जमिनीलगत धुरकट थर होता, पण वर आकाश मोकळे होते आणि दृश्यमानता आठ किलोमीटरच्या आसपास असावी. मी नकाशावर खूण केलेला रेल्वेपूल खाली शोधत असताना उजव्या सीटवरून सरांनी शांतपणे विचारले, "दीड-दोन वाजण्याच्या दिशेला, आपल्याच उंचीवर. दिसतंय का?" (विमानाचे नाक बारावर धरून घड्याळाप्रमाणे दिशा सांगतात.) मी पाहिले, पुन्हा पाहिले, आणि दिसत नसल्याचे सांगितले. त्यांनी आणखी क्षणभर वाट पाहिली, मग "आय हॅव कंट्रोल्स" म्हणून विमान स्वतःकडे घेतले आणि उजवीकडे वळवले. वळण सुरू होताच काचेच्या उजव्या खांबाजवळचा एक करडा ठिपका डावीकडे सरकू लागला. त्या ठिपक्याला मी मघापासून चिरडलेल्या किड्याचा डाग समजत होते. पाहता पाहता त्याला पंख फुटले, शेपटी फुटली, आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे निघालेले एक विमान आमच्या नाकासमोरून पार झाले. आम्ही त्याच्या मागून गेलो. सर त्यानंतर त्यावर एक शब्दही बोलले नाहीत, आणि मला तेच अधिक लागले.

माझी दृष्टी ६/६ आहे. मी योग्य दिशेलाच पाहत होते, इतकेच नव्हे तर त्या विमानालाच पाहत होते, तरीही ते मला दिसले नाही. असे का होते? सरांना जे दिसते ते निव्वळ हजारो तासांच्या सवयीने दिसते, की त्यासाठी शिकून घेता येईल अशी काही पद्धत आहे? शिवाय उंचीचे नियम पाळून दोन विमाने एकाच उंचीवर आलीच कशी, हेही मला उलगडलेले नाही.

---

उजवी सीट

सत्तर तास, मी स्वतः बरीच वर्षे प्रशिक्षक म्हणून उजव्या सीटवर बसत आलो आहे, त्यामुळे तुमच्या सरांच्या मौनाचा अर्थ प्रथम सांगतो. ते रागावलेले नसावेत. आपल्याला स्वतःला ते विमान किती उशिरा दिसले, याचा हिशोब ते मनात करत असावेत.

ते विमान तुम्हाला दिसले नाही, कारण ते तुमच्यावरच येत होते. आपली नजर हालचाल टिपण्यात पटाईत आहे. शेतात ससा पळाला की लगेच दिसतो, आणि तोच दबून बसला तर पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. दोन विमाने आपापला वेग आणि दिशा कायम ठेवून एकाच बिंदूकडे निघाली असतील, तर एकातून पाहणाऱ्याला दुसरे सतत एकाच कोनात दिसते. तुमची दिशा ०९० (उत्तरेपासून मोजलेले अंश, म्हणजे सरळ पूर्व) होती, त्याची ०१० होती असे समजू, आणि वेग सारखे मानू; मग तुम्हाला ते विमान अगदी शेवटपर्यंत नाकाच्या उजवीकडे ५० अंशांवर खिळलेले दिसणार. काचेवर पुढे सरकणारे विमान तुमच्या पुढून जाते, मागे सरकणारे मागून जाते, आणि जे सरकतच नाही, फक्त मोठे होत जाते, त्याच्याशी तुमची गाठ पडणार असते. दर्यावर्दी मंडळींना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे: दुसऱ्या गलबताची दिशा होकायंत्रावर बदलत नसेल तर सुकाणू फिरवावे. तुमच्या सरांनी वळण घेतल्यावर ठिपका हलला आणि तुम्हाला तो दिसला, याचे कारण हेच. काचेवरचा खरा किडा वळताना काचेसोबतच राहिला असता.

आता तो ठिपका वाढतो कसा, तेही पाहा, कारण खरी गोम तिथे आहे. हिशोब सोपा व्हावा म्हणून १०० नॉटने समोरासमोर येणारी दोन सेस्ना १७२ घेऊ. त्यांचा एकत्रित वेग २०० नॉट, म्हणजे सेकंदाला सुमारे १०३ मीटर होतो. या विमानाच्या पंखांचा विस्तार ११ मीटर असतो आणि पुढची काच तुमच्या डोळ्यांपासून ६५ सेंटिमीटरवर आहे असे धरू. टकरीच्या ४८ सेकंद आधी, म्हणजे पाच किलोमीटरवर, ते विमान काचेवर खसखशीच्या दाण्याएवढे असते. २४ सेकंद आधी ते तिळाएवढे होते, १२ सेकंद आधी तुरीच्या दाण्याएवढे, ६ सेकंद आधी शेंगदाण्याएवढे आणि ३ सेकंद आधी सुपारीएवढे. पाऊण मिनिटभर ते लहानच राहते आणि मग एकाएकी काच भरून टाकते. त्यातही ही मापे पंखांच्या लांबीची आहेत. समोरून पाहता पंख म्हणजे निव्वळ एक रेघ असते, आणि नजरेत भरण्याजोगे धड जेमतेम सव्वा मीटर रुंद असते.

याच्या जोडीला माणसाला लागणारा वेळ ठेवा. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या परिपत्रकात त्याची फोड दिली आहे: वस्तू नजरेस पडायला ०.१ सेकंद, ते विमान आहे हे ओळखायला १ सेकंद, टक्कर होणार हे उमगायला ५ सेकंद, कुठे वळायचे ते ठरवायला ४ सेकंद, हातापायांनी ते करायला ०.४ सेकंद आणि विमानाने प्रत्यक्ष वळायला २ सेकंद. बेरीज साडेबारा सेकंदांची होते. म्हणजे विमान तुरीएवढे असतानाच दिसायला हवे. शेंगदाण्याएवढे झाल्यावर दिसले तर उरलेल्या वेळात करण्यासारखे फार थोडे असते. या हिशोबात उमगायला आणि ठरवायला लागणारे नऊ सेकंद सर्वांत मोठे आहेत, आणि सरावाने कमी होतात तेही हेच. सरांची नजर तुमच्यापेक्षा तीक्ष्ण नसेलही. न हलणारा ठिपका दिसताच वळायचे, एवढे त्यांचे आधीच ठरलेले असते.

पद्धत नक्कीच आहे. आकाशावरून नजर सरसर फिरवण्याचा काही उपयोग होत नाही, कारण डोळा फिरत असताना त्याला जवळपास काहीच दिसत नाही. तो थांबतो तेव्हाच पाहतो. म्हणून आकाशाचे सुमारे दहा-दहा अंशांचे तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्यावर निदान एक सेकंद थांबावे. हात लांब करून मिटलेली मूठ धरली की तिची रुंदी साधारण दहा अंश भरते. क्षितिजाच्या वर एक मूठ आणि खाली एक मूठ एवढा पट्टा सर्वांत महत्त्वाचा असतो. नेमके क्षितिजावर दिसणारे विमान तुमच्याच उंचीवर असते, हे कायम लक्षात ठेवावे. काचेच्या खांबामागे काय दडले आहे ते पाहण्यासाठी नुसती मान वळवून भागत नाही, तर कमरेतून पुढेमागे झुकावे लागते. सेस्नाचा पंख वर असल्याने वळताना आतल्या बाजूचे सगळे आकाश त्याच्याआड जाते, म्हणून वळणापूर्वी तो पंख किंचित उचलून बघावे आणि मगच वळावे. चढताना नाक वर असते आणि समोरचे काही दिसत नाही, तेव्हा अधूनमधून नाक खाली करावे किंवा थोडे डावीउजवीकडे वळत चढावे. स्टॉलचा (पंखांची उचल तुटण्याचा) सराव सुरू करण्यापूर्वी जी वळणे घ्यायला लावतात, ती अनेक विद्यार्थी केवळ उरकायची म्हणून घेतात, आणि बाहेर न बघता घेतात. त्यापेक्षा ती न घेतलेली बरी, असे मी वर्गात बोलून बसतो आणि मग शब्द मागे घेतो.

तुमचा उंचीचा प्रश्न फार मोलाचा आहे. ००० ते १७९ अंशांच्या चुंबकीय मार्गावर जाणाऱ्यांनी विषम हजार अधिक ५०० फूट, म्हणजे ३,५००, ५,५०० अशा उंचीवर उडावे, आणि १८० ते ३५९ वाल्यांनी सम हजार अधिक ५०० फुटांवर. हा नियम समोरासमोर येणाऱ्यांना वेगळे करतो. ०९० आणि ०१० हे दोन्ही मार्ग मात्र एकाच अर्धवर्तुळात पडतात, त्यामुळे तुम्ही दोघेही ३,५०० फुटांवर अगदी कायदेशीरपणे एकमेकांवर निघाला होतात.

वाट कोणी द्यायची, हा नियमही तुमच्या सरांनी नेमका पाळला. दोन विमाने तिरकी जवळ येत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरे असेल त्याने वाट द्यावी आणि शक्यतो दुसऱ्याच्या वरून, खालून किंवा पुढून जाऊ नये. ते तुमच्या उजवीकडे होते, म्हणून तुम्ही उजवीकडे वळून मागून जायचे. त्या विमानातील वैमानिकाने तुम्हाला पाहिले होते का, हे मात्र कधीच गृहीत धरू नका. माझा कयास आहे की त्याने पाहिले नसावे.

---

नेत्रवैद्य, सांगली

मी वैमानिक नाही, मात्र परवान्यासाठीच्या वैद्यकीय तपासणीला येणारे तरुण माझ्याकडे अधूनमधून येतात, म्हणून डोळ्यापुरते लिहितो.

६/६ हा दाखला दृष्टीच्या केवळ मध्यबिंदूचा असतो. तक्त्यावरील शेवटची ओळ आपण दृष्टिपटलाच्या ज्या चिमुकल्या भागाने वाचतो, त्याच्या वाट्याला समोरच्या दृश्यातील एक-दोन अंशच येतात. तेथून दहा अंश बाजूला गेले की बारकावे टिपण्याची क्षमता सुमारे एक दशांशावर येते. म्हणजे रेल्वेपूल शोधणाऱ्या तुमच्या डोळ्यांना बाजूचे आकाश 'दिसत' होते, पण त्यातील तीळ दिसणे शक्यच नव्हते.

दुसरी अडचण मोकळ्या आकाशाची आहे. पाहण्यासारखे काहीच नसले की डोळ्याचे भिंग दूरवर न राहता आपसूक जवळच्या अंतरावर, साधारण एक-दोन मीटरवर, स्थिरावते आणि आपण काही क्षणांपुरते लघुदृष्टीचे होतो. धुरकट हवेत हे अधिक होते. त्यावर उपाय असा की दर थोड्या वेळाने दूरच्या एखाद्या ठळक वस्तूवर, उदाहरणार्थ डोंगराच्या कडेवर किंवा ढगाच्या किनारीवर, नजर टिकवावी आणि मग रिकाम्या आकाशाकडे वळावे. तेही नसेल तर पंखाच्या टोकाकडे पाहिल्यानेसुद्धा थोडी मदत होते.

तिसरे म्हणजे आपल्या प्रत्येक डोळ्यात एक अंधबिंदू असतो, मध्यापासून बाहेरच्या बाजूला साधारण पंधरा अंशांवर. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो म्हणून ती आपल्याला जाणवत नाही. परंतु काचेच्या खांबाने एका डोळ्याची वाट अडवली आणि वस्तू नेमकी दुसऱ्याच्या अंधबिंदूत आली, तर मेंदू ती जागा आजूबाजूच्या आकाशाने भरून टाकतो आणि काही राहून गेल्याचे कळूही देत नाही. आपल्या प्रसंगातील ठिपका खांबाजवळच होता, असे आपण लिहिले आहे. वर सांगितलेले कमरेतून झुकणे येथे फार कामाचे आहे.

---

टॅब्लेटवाला

सर्व माहिती उत्तम आहे, परंतु आजच्या काळात एवढा खटाटोप हवाच का, असा प्रश्न पडतो. एडीएस-बी (विमानांनी रेडिओवर कळवलेली स्वतःची जागा आणि उंची) ग्रहण करणारे छोटे यंत्र टॅब्लेटला जोडले की आसपासची विमाने नकाशावर उंचीसह दिसतात. डोळ्यांच्या इतक्या मर्यादा सिद्ध झाल्या असताना त्यांच्यावरच विसंबून राहण्याचा आग्रह मला कालबाह्य वाटतो.

---

चार पट्ट्या

टॅब्लेटवाला यांच्या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. प्रवासी विमाने उडवण्यात आयुष्य गेल्यामुळे त्या अर्ध्याबद्दल मी अधिकाराने बोलू शकतो.

केवळ नजरेवर भिस्त ठेवल्याचे परिणाम विमान वाहतुकीने फार महागात शिकून घेतले आहेत. २५ सप्टेंबर १९७८ रोजी सॅन डिएगोवर एक बोइंग ७२७ आणि एक सेस्ना १७२ यांची टक्कर होऊन १४४ जण दगावले. सकाळ होती, हवा स्वच्छ होती, आणि नियंत्रकाने बोइंगच्या वैमानिकांना सेस्नाची सूचना दिलेली होती. त्यांनी ते पाहिलेही होते. पुढे ते नजरेतून निसटले, पण निसटल्याचे त्यांनी नियंत्रकाला स्पष्ट शब्दांत कळवले नाही. ते मागे पडले असावे, असे ते आपसात बोलत राहिले. प्रत्यक्षात सेस्ना त्यांच्या पुढे आणि खाली, काचेच्या तळाशी वायपरच्या आसपास, शहरातील घरांच्या पार्श्वभूमीत मिसळून गेले होते. या अपघातातून मी एकच सवय उचलली आणि निवृत्तीपर्यंत पाळली. "ट्रॅफिक इन साइट" (विमान दिसले) असे एकदा म्हटले की ते विमान पार होईपर्यंत त्याच्यावर नजर ठेवणे हे आपले काम होते, आणि ते हरवले की त्याच क्षणी तसे बोलून दाखवायचे. ते बोलायला लाज वाटते. विद्यार्थ्यांना तर फारच वाटते.

आपल्याकडची घटना तर सर्वांच्या स्मरणात असेल. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणातील चरखी दादरीजवळ दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि दिल्लीत उतरू पाहणारे कझाकस्तानचे इल्युशिन-७६ एकमेकांवर आदळले आणि दोन्हींतील सर्व ३४९ जण गेले. हवेत झालेल्या टकरींपैकी सर्वाधिक बळी घेणारी टक्कर आजही हीच आहे. कझाक विमानाला १५,००० फुटांवर आणि सौदी विमानाला १४,००० फुटांवर थांबायला सांगितले होते. कझाक विमान त्याखाली उतरले. दिल्लीत येणारी आणि जाणारी नागरी विमाने तेव्हा एकाच वाटेने जात होती, आणि नियंत्रकाच्या रडारला उंची कळत नव्हती. समोरून विमान येत असल्याची सूचना देऊन ते दिसताच कळवावे असेही कझाक वैमानिकांना सांगितले होते. पण ढगात आणि मावळल्या उजेडात काय दिसणार? त्यानंतर येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि मोठ्या विमानांना टकरीची पूर्वसूचना देणारी यंत्रणा आपल्याकडे सक्तीची झाली.

ती यंत्रणा, म्हणजे टीकास, समोरच्या विमानाच्या ट्रान्सपाँडरला (विचारणेला आपोआप उत्तर देणाऱ्या रेडिओयंत्राला) विचारणा करून अंतर आणि उंची काढते. आधी "ट्रॅफिक, ट्रॅफिक" असा इशारा देते आणि मग गरज पडल्यास चढा किंवा उतरा असा आदेश देते. ती डावीउजवीकडे वळायला कधीच सांगत नाही. १ जुलै २००२ रोजी जर्मनीतील युबरलिंगनवर नियंत्रक एका विमानाला "उतरा" म्हणत होता आणि त्याचे यंत्र "चढा" म्हणत होते; दुसऱ्याला त्याच्या यंत्राने "उतरा" असे सांगितले होते. पहिल्याने नियंत्रकाचे ऐकले, दुसऱ्याने यंत्राचे, आणि दोघेही खालीच आले. ७१ जण गेले. तेव्हापासून यंत्राचा आदेश आणि नियंत्रकाची सूचना यांत विरोध आल्यास यंत्राचे ऐकावे, याबद्दल कोणाच्याही मनात किंतु उरलेला नाही.

आता दुसरे अर्धे. ज्या विमानाचा ट्रान्सपाँडर बंद आहे किंवा ज्यात तो नाहीच, ते टीकासला दिसत नाही आणि टॅब्लेटलाही दिसत नाही. जुनी प्रशिक्षण विमाने, ग्लायडर, पॅराग्लायडर, ड्रोन, लग्नसमारंभातील फुगे आणि घारी या सर्वांना पडद्यावर जागा नसते. शिवाय पडदा कॉकपिटच्या आत असतो; त्याच्याकडे पाहणारा वैमानिक तेवढा वेळ बाहेर पाहत नाही. त्याचा खरा उपयोग कुठे बघायचे ते कळण्यापुरता आहे, आणि तो उपयोग मोठा आहे. अमेरिकेतील लिंकन प्रयोगशाळेच्या उड्डाण चाचण्यांत असे आढळले की कोणत्या दिशेला पाहायचे हे आधी सांगितलेल्या वैमानिकाचा शोध न सांगितलेल्यापेक्षा सुमारे आठपट परिणामकारक ठरतो. तुमच्या सरांनी तुम्हाला "दीड-दोन वाजण्याच्या दिशेला" असे सांगितले, तेव्हा त्यांनी तुम्हाला याच सवलतीचा लाभ दिला होता.

सत्तर तास, एक बाब तुमच्या लक्षात आली नसावी. जानेवारीत सकाळी नऊच्या सुमारास सूर्य आग्नेयेला असतो. तुमचे नाक पूर्वेला होते आणि ते विमान उजवीकडे पन्नास अंशांवर, म्हणजे जवळजवळ सूर्याखालूनच, येत होते. धुरकट हवेत त्या बाजूचे सगळे आकाश पांढरे होते. ज्या बाजूला बघवत नाही, त्या बाजूला हाताने सूर्य झाकून दुप्पट वेळ बघावे.

---

पवनाकाठ

कामशेतला पॅराग्लायडिंग करतो, म्हणून इंजिन नसलेल्यांच्या बाजूने थोडे लिहितो. चार पट्ट्या यांनी आम्हाला फुगे आणि घारींच्या रांगेत बसवले आहे, त्याबद्दल तक्रार नाही; रविवारी टॉवर हिलच्या धारेवर पाहिल्यास ती वर्गवारी योग्यच वाटते.

आमच्याकडे गर्दी हा रोजचा प्रश्न आहे. वारा डोंगरावर आदळून वर चढतो तो पट्टा अरुंद असतो आणि सगळे त्याच पट्ट्यात येरझाऱ्या घालतात. समोरासमोर आल्यावर दोघांनीही उजवीकडे वळावे हा सर्वसाधारण नियम येथे जसाच्या तसा चालत नाही, कारण ज्याच्या उजव्या हाताला डोंगर आहे त्याला वळायला जागाच नसते. म्हणून त्याने सरळ जावे आणि डोंगर डावीकडे असणाऱ्याने उजवीकडे, म्हणजे दरीकडे, वळून वाट द्यावी. थर्मलमध्ये (गरम हवेच्या वर चढणाऱ्या झोतात) पहिला ज्या बाजूने घिरट्या घालतो त्याच बाजूने नंतरच्या सर्वांनी घालायच्या, आणि खालून वर येणाऱ्याला वरच्याने जागा द्यायची, कारण खालच्याच्या डोक्यावर त्याचेच छत्र पसरलेले असते आणि त्याला वरचे काही दिसत नाही.

नवख्यांकडून आम्ही घोटून घेतो तो क्रम असा: आधी वळायच्या बाजूला बघ, मग शरीर झुकव, मग ब्रेक ओढ. हा क्रम इतका अंगात मुरतो की मी जिन्याच्या वळणावरसुद्धा आधी मान वळवतो. घरचे हसतात.

इंजिनवाल्यांना एक विनंती. नियमाने तुम्ही आम्हाला वाट द्यायची असते, हे खरे. पण आम्ही ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटरने जातो, म्हणजे तुमच्या दृष्टीने उभेच असतो. तुम्ही ज्या दिशेला निघाला आहात तिथेच आम्ही न हलता दिसू, किंवा दिसणार नाही. ऑक्टोबर ते मे या काळात डोंगरधारेच्या जवळून खालून जाण्याचे टाळलेत तर उपकार होतील.

---

सत्तर तास

सर्वांचे मनापासून आभार. सूर्याची बाब वाचून मी नकाशावर रेषा आखून पाहिल्या आणि चार पट्ट्या सरांचे म्हणणे तंतोतंत खरे निघाले. आणखी एक शंका आहे. आमच्या धावपट्टीवर नियंत्रण टॉवर नाही. सर्किटमध्ये (उतरण्यासाठी धावपट्टीभोवती घालायच्या ठरलेल्या चौकोनी फेरीत) एका वेळी तीन-चार विमाने असतात आणि सगळे जण रेडिओवर आपापली जागा सांगत असतात. तिथे तरी धोका कमी मानावा का?

---

उजवी सीट

उलट तिथे अधिक मानावा. टकरी दूरच्या ओसाड आकाशात होतात असा समज असतो. प्रत्यक्षात त्यांतील मोठा वाटा दिवसाउजेडी, चांगल्या हवेत, विमानतळाजवळ आणि कमी उंचीवर झालेला आहे, आणि त्यांत समोरासमोरच्यांपेक्षा मागून गाठणाऱ्यांची संख्या जास्त आहे. सर्किट म्हणजे सगळ्यांना एकाच उंचीवर, एकाच रस्त्यावर, वेगवेगळ्या वेगांनी आणून सोडणे होय.

रेडिओ ऐकताना प्रत्येक हाकेची जागा मनात मांडत जा. "डाउनविंड" (धावपट्टीला समांतर, उलट दिशेची बाजू) ऐकले की तिकडे बघा, आणि विमान दिसेपर्यंत त्याचा हिशोब मिटला असे समजू नका. तीन आवाज ऐकू आले आणि दोनच विमाने दिसली, तर बेसवर (धावपट्टीकडे आणणाऱ्या आडव्या बाजूवर) वळण्याची घाई करू नका. एखाद्याने चुकीची जागा सांगितलेली असू शकते, किंवा तो चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर बोलत असल्याने तुम्हाला त्याचा आवाजच आलेला नसतो.

सर्वांत वाईट जोडी फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेतील शेवटच्या उतरणीवर, जुळते. पंख खाली असलेल्या विमानाला आपल्या खालचे दिसत नाही आणि पंख वर असलेल्या सेस्नाला आपल्या वरचे दिसत नाही. पहिले वर आणि दुसरे खाली, दोघेही एकाच धावपट्टीकडे उतरत असले, तर दोघांचीही नजर धावपट्टीवर असते आणि दोघांनाही आपण एकटेच आहोत असे वाटते. म्हणून फायनलवर वळण्यापूर्वी धावपट्टीकडे न बघता उलट्या दिशेला, म्हणजे लांबून सरळ येणाऱ्या वाटेकडे, वर आणि खाली बघावे. माझ्या विद्यार्थ्यांना मी तिथे मोठ्याने "फायनल मोकळे" असे म्हणायला लावतो; आणि बघितल्याशिवाय म्हणणारा लगेच ओळखू येतो, कारण त्याची मान हललेली नसते.

लँडिंग लाइट दिवसाही लावत जा. ट्रान्सपाँडर उंचीच्या मोडवर आहे ना, तेही पाहा. स्टँडबायवर राहिला तर चार पट्ट्या यांच्यासारख्यांच्या टीकासला तुम्ही अदृश्यच राहता.

---

सत्तर तास

काल पुन्हा त्याच मार्गावर सॉर्टी झाली. निघण्यापूर्वी मी पुढची काच स्वतः ओल्या मऊ फडक्याने पुसली. हे काम एरवी कोणी मनावर घेत नाही. पर्स्पेक्सवर (विमानाची काच ज्या प्लॅस्टिकची असते त्यावर) ओरखडे उठू नयेत म्हणून गोल न पुसता सरळ वरून खाली हात फिरवायचा असतो, हे मेकॅनिक काकांनी बाजूला उभे राहून दाखवले. काच पूर्ण स्वच्छ झाली, तेव्हा आता जो ठिपका दिसेल तो काचेवरचा नसणार, एवढे तरी नक्की झाले.

वर गेल्यावर मूठ मूठ मोजत डावीकडून उजवीकडे जायला सुरुवात केली. पहिली दहा मिनिटे डोळे इतके थकले की उंची शंभर फुटांनी घसरली आणि सरांनी नुसते उंचीमापकावर बोट टेकवले. मग लय बसली. तासाभरात मला तीन ठिपके दिसले. पहिल्या दोन घारी निघाल्या. तिसरा क्षितिजाच्या किंचित खाली, अकरा वाजण्याच्या दिशेला होता. मी पाच सेकंद थांबले, तो काचेवर मागे सरकत होता, म्हणून "ट्रॅफिक इन साइट, मागून जातंय" असे म्हणाले आणि ते विमान डाव्या पंखाखालून निघून जाईपर्यंत दर थोड्या वेळाने त्याच्याकडे पाहत राहिले.

उतरल्यावर मी सरांना अभिमानाने तीनचा आकडा सांगितला. त्यांनी चार मोजले होते.